सोलर बसवायचंय, पण टिकेल का? खान्देशातल्या वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सोलरबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं आणि पत्रं, व्हॉट्सअॅप, व्हॉइस मेसेज असं सगळं मिळून एवढं आलं की सगळ्यांना उत्तर देणं या पानावर शक्य नाही. त्यातले बरेचसे प्रश्न एकच होते, "कोणत्या कंपनीचं घेऊ?" त्याचं उत्तर इथे मिळणार नाही, कंपनीचं नाव घ्यायचं नाही हा या पानाचा नियमच आहे, आणि खरं सांगायचं तर घरच्या सोलरमधे पॅनल सगळ्यात शेवटी बिघडतं. आधी स्ट्रक्चर, म्हणजे पॅनल ज्यावर बसवतात तो लोखंडी सांगाडा, हलतं, वायर उघडी पडते, पॅनलची वीज घरात चालेल अशी करणारा इन्व्हर्टर जातो, अर्थिंग नावापुरतं असतं. प्रश्न निवडताना तेच डोक्यात ठेवलंय.

प्रश्न : भाऊ, मी भुसावळला राहतो, रेल्वेतून रिटायर झालोय. गच्चीवर ३ किलोवॅट बसवायचंय. तीन जणांकडून कोटेशन घेतलं. एक म्हणतो मोनो पर्क घ्या, दुसरा म्हणतो टॉपकॉनच घ्या बाकी सगळं जुनं झालं, तिसरा म्हणतो बायफेशियल, दोन्हीकडून काच, जर्मन टेक्नॉलॉजी, आणि टियर वन कंपनी आहे म्हणून ३५ हजार जास्त. आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री म्हणजे रोजचंच, या उन्हात नक्की कोणतं टिकेल?

उत्तर : आप्पा, आधी एक गैरसमज काढू. जास्त ऊन म्हणजे जास्त वीज हे अर्धंच खरं आहे. पॅनलला उजेड पाहिजे, गरमी नको. पॅनलवर जे ५४० वॅट लिहिलेलं असतं ते लॅबमधलं माप असतं, सेलचं, म्हणजे पॅनलमधल्या वीज बनवणाऱ्या चौकोनांचं, तापमान २५ डिग्री धरून केलेलं. भुसावळला मे महिन्यात दुपारी एक वाजता गच्चीवरच्या पॅनलचा सेल ६५-७० डिग्रीला असतो, आणि २५ च्या वर प्रत्येक डिग्रीला पॅनल थोडं थोडं कमी देतं. किती कमी देतं हे डेटाशीटवर लिहिलेलं असतं, त्याला टेम्परेचर कोइफिशंट म्हणतात. पॉली, मोनो पर्क, टॉपकॉन ही सेल बनवायच्या पद्धतींची नावं. जुन्या निळ्या पॉली पॅनलला हा कोइफिशंट साधारण उणे ०.४० टक्के असायचा, मोनो पर्कला उणे ०.३५ च्या आसपास, टॉपकॉनला उणे ०.३० च्या आसपास.

आता हिशेब करा. ७० मधून २५ गेले, ४५ डिग्री उरले. पर्कमधे त्या वेळी साधारण १६ टक्के घट, टॉपकॉनमधे साडेतेरा. फरक सव्वादोन टक्क्यांचा. ३ किलोवॅटवर तो भर दुपारी होतो ६५-७० वॅट, म्हणजे एक पंखा. टॉपकॉन चांगलंच आहे, खान्देशातल्या उन्हाला शोभणारं आहे, वर्षाला झिजतंही थोडं कमी, भावात फार फरक नसेल तर जरूर घ्या. पण "पर्क घेतलं तर जळून जाईल" असं कोणी सांगत असेल तर ते साफ खोटं आहे. साक्री तालुक्यात महाजनकोचा, म्हणजे राज्य सरकारच्या वीज बनवणाऱ्या कंपनीचा, १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे, ऊन तिथेही आपल्यासारखंच तापतं आणि त्या वेळी टॉपकॉन बाजारात नव्हतंच.

बायफेशियलचं म्हणाल तर त्याला मागूनही उजेड लागतो, त्यामुळे गच्चीपासून सात-आठ फूट उंच स्ट्रक्चर असेल आणि खाली चुना किंवा पांढरी टाईल असेल तर फायदा दिसतो. गच्चीला चिकटून एक फुटावर बसवणार असाल तर त्या मागच्या काचेचे पैसे वाया. टिकण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही बाजूंनी काच हे चांगलं, कारण साध्या पॅनलला मागे प्लास्टिकची शीट असते आणि हलक्या दर्जाची शीट उन्हाने दहा वर्षांतच तडकायला लागते, पावसाचं पाणी आत जातं आणि मग इन्व्हर्टर सकाळी सकाळी एरर दाखवत बसतो. दोन काचवाल्यात ही भानगड नाही. पण ते जड असतं, एकेक पॅनल ३० किलोच्या वर जातं, मग स्ट्रक्चरही तसंच पाहिजे.

राहिलं टियर वन. ती यादी ब्लूमबर्गवाले काढतात आणि ती बँकेने त्या कंपनीचा माल वापरणाऱ्या प्रकल्पाला कर्ज द्यावं का यासाठीची असते, पॅनल किती वर्ष टिकेल याच्याशी तिचा संबंध नाही. जर्मन टेक्नॉलॉजीवाल्याला एवढंच विचारा की सेल कुठे बनला. कारण पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी पाहिजे असेल तर पॅनल डीसीआर लागतं, म्हणजे सेलही भारतात बनलेला आणि पॅनलही भारतात जोडलेलं. सबसिडी पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, ३ किलोवॅटला मिळून ७८ हजार, त्याच्या वर कितीही बसवा तेवढेच. नॉन-डीसीआर पॅनल स्वस्त मिळतं पण ७८ हजार हातचे जातात, तेव्हा कोटेशन समोरासमोर ठेवताना तिन्हीवर डीसीआर लिहिलंय का ते आधी बघा, बहुतेक वेळा ३०-३५ हजाराच्या फरकाचं कारण तिथेच सापडतं.

माझं मत विचाराल तर डीसीआर टॉपकॉन घ्या, उरलेल्या पैशातून स्ट्रक्चर आणि अर्थिंग चांगलं करून घ्या. आणि इन्व्हर्टर गच्चीवर उन्हात लावू देऊ नका, पश्चिमेच्या भिंतीवर तर नाहीच नाही, संध्याकाळी पाचलाही ती भिंत हात लावू देत नाही. जिन्याखाली, पॅसेजमधे, जिथे वारं खेळतं तिथे लावा. इन्व्हर्टर तापला की स्वतःच वीज कमी करतो आणि आयुष्यही घटतं. पॅनल पंचवीस वर्ष चालेल, इन्व्हर्टर मधे एकदा तरी बदलावा लागेल, तो खर्च आत्ताच मनात धरून ठेवा.

प्रश्न : दादा, आम्ही रावेर तालुक्यातले, केळीवाले. दरवर्षी मे-जूनमधे वादळ येतं आणि उभ्या बागा झोपतात, तुम्हाला माहितीच आहे. मागच्या वर्षी गल्लीत एकाचं सोलर अख्खं उचलून शेजारच्या पत्र्यावर पडलं. त्यात आमच्या घरचे म्हणतात गच्ची मोकळी पाहिजे, उन्हाळ्यात पापड, कुरडया, बिबडे कुठे वाळवायचे? म्हणून उंच बसवायचं आहे. उंच बसवलं तर उडणार नाही ना? आणि गारा पडल्या तर?

उत्तर : गच्चीची मागणी एकदम बरोबर आहे दादा, बिबड्यांना जागा सोडलीच पाहिजे. उंच बसवता येतं, पण "उंच बसवून देतो" म्हणणारा आणि उंच स्ट्रक्चर करता येणारा हे दोन वेगळे लोक असतात.

वाऱ्याचा जोर किती असतो ते आकड्यात बघा. ५४० वॅटचं एक पॅनल साधारण साडेसात फूट बाय पावणेचार फूट असतं. ३ किलोवॅटला अशी सहा, म्हणजे पावणेदोनशे चौरस फुटाच्या जवळपास पत्रा तुम्ही हवेत तिरपा धरलाय. ताशी १०० किलोमीटर वारं आलं तर ढोबळ हिशेबाने अर्ध्या टनाच्या वर जोर त्याला वर खेचतो, आणि सहा पॅनलचं स्वतःचं वजन सगळं मिळून १७० किलोच्या आसपास. म्हणजे पॅनल वजनाने बसून राहील हा विचारच सोडा, त्याला खालून धरून ठेवावं लागतं. उडालेली जी सिस्टिम तुम्ही बघितली ना, तिथे जाऊन पाय बघा, बहुतेक सिमेंटचे ठोकळे नुसते गच्चीवर ठेवलेले असतील, किंवा तीन इंची साधे फास्टनर स्लॅबवरच्या कोब्यात मारलेले असतील, स्लॅबपर्यंत पोचलेच नसतील. कोबा उखडतो आणि सगळं त्याच्याबरोबर जातं.

तुमच्याकडे काय करायचं ते सांगतो. पाय शक्यतो कॉलम आणि बीमच्या वर येऊ द्या, घर बांधलेल्या मिस्त्रीला बोलवा, त्याला माहिती असतं बीम कुठून गेलाय. कोबा फोडून स्लॅबपर्यंत जा, केमिकल अँकर, म्हणजे केमिकलने भोकात पक्के चिकटणारे बोल्ट, मारा, वर सिमेंटचा ठोकळा सळईसकट ओता आणि त्याच्या कडेने वॉटरप्रूफिंग लगेच करून घ्या, नाहीतर जुलैत खालच्या खोलीत पाणी आणि मग भांडण. उंच स्ट्रक्चरला पायांमधे तिरपे ब्रेस पाहिजेतच, नुसते चार उभे पाईप आणि वर जाळी म्हणजे वाऱ्याने डुलणारच. ब्रेसने ये-जा अडते म्हणून लोक काढायला लावतात, तसं करू नका, दोन बाजूंना लावून दोन बाजू मोकळ्या ठेवता येतात.

कोन थोडा कमी ठेवा. आपण २१ अंश अक्षांशाच्या आसपास, पुस्तकाप्रमाणे २० अंश तिरपं आणि दक्षिणेकडे तोंड. पण उंच स्ट्रक्चरला १२-१५ अंश ठेवलं तर वर्षाच्या युनिटमधे किरकोळ फरक पडतो आणि वारं बरंच कमी धरलं जातं. मुंडेर, म्हणजे पॅरापेटच्या बाहेर पॅनल काढू नका, कडेला वारं सगळ्यात जास्त उचलतं, जागा वाचवायला लोक नेमकं तेच करतात.

लोखंड हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड घ्या, जस्ताचा थर ८० मायक्रॉनचा मागा, मोजायचं छोटं मशीन इंस्टॉलरकडे असतं, समोर मोजायला लावा. साईटवर वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळून जातं आणि गंज नेमका त्या सांध्यातून सुरू होतो, म्हणून नटबोल्टचं स्ट्रक्चर बरं, आणि वेल्डिंग झालंच तर तिथे झिंकचा रंग दोन हात मारून घ्या. नटबोल्ट ३०४ स्टेनलेसचे. खिशात लोहचुंबक घेऊन जा, कचकन चिकटला तर तो बोल्ट स्टीलचा नाही, लोखंडाचा आहे. आपल्याकडे कोकणासारखी खारी हवा नाही त्यामुळे गंज हळू लागतो, पण वाऱ्याने बोल्ट ढिले व्हायचं काम मात्र जोरात चालतं. दरवर्षी अक्षय तृतीया झाली की एकदा पाना घेऊन सगळे बोल्ट आवळून घ्या, वादळं त्यानंतरच येतात.

गारांचं. पॅनल पास व्हायचं तर २५ मिलिमीटरची बर्फाची गोळी ताशी ८० किलोमीटरच्या वर वेगाने काचेवर अकरा ठिकाणी मारून बघतात. २५ मिलिमीटर म्हणजे बोराएवढी, लिंबाएवढी नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधे महाराष्ट्रात जी गारपीट झाली तशा मोठ्या गारा पडल्या तर कोणतंही पॅनल फुटू शकतं. इथे एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत, साध्या पॅनलला पुढे ३.२ मिलिमीटरची एक जाड टफन काच असते, दोन काचवाल्याला बहुतेक २-२ मिलिमीटरच्या असतात, आणि पातळ काच गारेला जरा हळवी असते. वर भुसावळच्या आप्पांना दोन काच चांगली म्हणालो, तुम्हाला गारेची भीती जास्त असेल तर जाड एका काचेचं बघा. आणि सोलर घराच्या विम्यात घालून घ्या. पॅनलच्या वॉरंटीत गारा, वादळ, वीज पडणं, माकड यातलं काहीच येत नाही.

प्रश्न : मी धरणगावची, घराच्या मागे जिनिंग आहे. दोन वर्षांपूर्वी सोलर बसवलं, आधी दिवसाला १२-१३ युनिट यायचे, दिवाळीनंतर ८-९ वर येतं. बोअरच्या पाण्याने दर रविवारी पाईप मारतो तरी काचेवर पांढरे डाग पडलेत, घासून निघत नाहीत. पॅनल खराब झालं का?

उत्तर : ताई, पॅनल खराब झालेलं नाही, त्यावर पातळ पापुद्रा बसलाय. बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, तापलेल्या काचेवर पाणी पडलं की ते जागेवर सुकतं आणि क्षार मागे राहतो, गिझरच्या कॉईलवर बसतो तोच. त्यावर जिनिंगची रुई आणि रस्त्याची काळी माती चिकटते. दर रविवारी अकरा वाजता पाईप मारणं म्हणजे दर रविवारी एक थर चढवणं. थोडी घट तर तशीही असणार, नोव्हेंबर-डिसेंबरमधे दिवस लहान असतो, पण १३ वरून ८ म्हणजे त्यात धुळीचा मोठा वाटा आहे.

पहाटे धुवा, काच गार असताना, दव पडलेलं असेल तर अजून चांगलं, अर्धं काम तेच करतं. तापलेल्या काचेवर गार पाणी मारल्याने काच तडकायचीही भीती असते. आधी कोरड्या मऊ झाडूने रुई काढा, कारण रुई ओली झाली की लगदा होतो. मग पाणी, मग काच पुसायचा रबरी वायपर, शेवटचं पाणी ओढून घ्या म्हणजे सुकायला काही उरतच नाही. नळाचं पाणी मिळत असेल तर ते वापरा. फिल्टरचं सांडपाणी मात्र नको, बऱ्याच जणी ते साठवून वापरतात पण त्यात क्षार उलट जास्त असतात.

जुने डाग काढायला पांढरा व्हिनेगर पाण्यात पातळ करून मऊ फडक्याने, थोड्या वेळाने स्वच्छ पाणी. संडास धुवायचं अॅसिड, तारेची घासणी, कपड्याची पावडर, यातलं काहीही नको, काचेवर एक बारीक कोटिंग असतं ते निघून जातं आणि अॅल्युमिनियमची फ्रेम काळी पडते. आणि पॅनलवर पाय ठेवून वर चढायचं नाही. काच माणसाचं वजन पेलते, फुटत नाही, म्हणून लोकांना वाटतं काही झालं नाही, पण आतल्या सेलला केसाएवढ्या चिरा पडतात, त्या डोळ्याला दिसत नाहीत आणि दोन-तीन वर्षांनी युनिट घटल्यावर कळतात.

कबुतराची विष्ठा दिसली तर रविवारची वाट बघू नका. धूळ सगळीकडे सारखी बसते म्हणून ती फक्त युनिट खाते, विष्ठा एकाच सेलवर बसते, तो सेल वीज बनवायची सोडून तापायला लागतो आणि तिथे तपकिरी डाग पडतो. तो डाग परत जात नाही.

प्रश्न : धुळ्याहून लिहितोय. सोलर बसवल्यावर लाईट गेली की माझंही घर अंधारात. भर दुपारी वर ऊन आणि खाली पंखा बंद. फसवलं का मला?

उत्तर : नाही फसवलं, सांगितलं नाही एवढंच. तुमची सिस्टिम ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडून चालणारी आहे, लाईन गेली की ती बंद व्हायलाच हवी, नाहीतर तुमच्या छतावरची वीज उलटी लाईनमधे जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. लाईट गेल्यावरही पाहिजे असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, खर्च बराच वाढतो. धुळे शहरात दिवसातून तासभर जात असेल तर घरातला जुना इन्व्हर्टर-बॅटरी तसाच राहू द्या, पंखे-दिवे त्याच्यावर चालतील. खेड्यात रोज चार-चार तास जाते त्यांनी मात्र हायब्रिडचाच विचार करावा.

प्रश्न : भाऊ, मी पारोया तालुकाना. घर जुनं, धाबानं शे. दारमा म्हशीसना गोठा, त्यावर पत्रा. धाबावर सोलर बसी का पत्रावर? आते काय करानं?

उत्तर : दादा, धाब्यावर, म्हणजे मातीच्या छतावर, नको. धाब्याची माती पावसाळ्यात पाणी पिऊन जड होते, खाली सागाच्या कड्या आणि त्या किती जुन्या ते तुम्हालाच माहीत, त्यात अँकर मारायला काही पकडच नाही. वाऱ्याला धरून ठेवेल असं तिथे काही नाही आणि ठोकळे ठेवून वजन वाढवलं तर खालच्या माणसांना धोका.

गोठ्याचा पत्रा चालेल, पण पत्र्याला नाही, खालच्या लोखंडी अँगलला बोल्ट गेला पाहिजे, बल्ल्या असतील तर तेही नको. पत्रा आणि पॅनलमधे हात जाईल एवढी फट ठेवा, मागून वारं गेलं नाही तर पॅनल आणखी तापतं. गोठ्याची अजून एक गंमत, शेण-मुताचा जो झणका येतो ना, तो अमोनिया पॅनलच्या मागच्या शीटला आणि जोडांना खातो. त्यासाठी वेगळी टेस्ट असते, डेटाशीटवर आयईसी ६२७१६ असा नंबर शोधा, तो असलेलंच पॅनल घ्या.

तिसरा मार्ग, अंगणात सिमेंटचे पाय ओतून उंच स्ट्रक्चर, खाली बैलगाडी किंवा ट्रॅक्टर उभा राहतो. घर-धाबं तसंच राहतं, उन्हाळ्यात वर झोपायचीही सोय राहते. सबसिडीत ते बसतं का हे अर्ज भरण्याआधी महावितरणच्या उपविभागात लेखी विचारून घ्या. मला विचाराल तर जागा असेल तर हेच करा.

प्रश्न : अमळनेरला एक जण जुने पॅनल निम्म्याहून कमी भावात देतोय, म्हणतो शेतातल्या पंपाचे आहेत, दोनच वर्ष वापरलेत. घ्यावेत का?

उत्तर : नाही. सरकारी योजनेतल्या पंपाचे असतील तर ते विकायचा हक्कच त्याला नाही आणि उद्या नंबर तपासले तर तुम्ही अडकाल. सबसिडी नव्या डीसीआर पॅनललाच मिळते. वॉरंटी तुमच्या नावावर येणार नाही. काढताना-नेताना टेम्पोत आडवे रचून नेले असतील तर आत किती चिरा पडल्यात देव जाणे. स्वस्त पडणार नाही.

प्रश्न : नंदुरबारहून. इंस्टॉलर २५ वर्षांची वॉरंटी म्हणतो, पण त्याचं दुकानच मागच्या वर्षी उघडलंय. कागदावर काय काय घ्यावं?

उत्तर : ताई, हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि फार कमी लोकांनी विचारला. २५ वर्षांची म्हणजे परफॉर्मन्स वॉरंटी. त्यात कंपनी एवढंच म्हणते की पहिल्या वर्षी एक-दोन टक्के आणि पुढे दरवर्षी साधारण अर्धा टक्का याच्यापेक्षा जास्त पॅनल घटणार नाही. ऐकायला छान, पण घरी ते मोजायचं कसं? धूळ, ऊन, वायर यातून पॅनलची घट वेगळी काढायला लॅब लागते, घरगुती माणूस तो दावा लढवत बसत नाही. तुमच्या कामाची दुसरी वॉरंटी, प्रॉडक्ट वॉरंटी, काच आपोआप तडकली, मागची शीट फाटली, जंक्शन बॉक्स जळाला तर पॅनल बदलून देण्याची. ती कुठे १० वर्ष, कुठे १२, कुठे जास्त असते. दोन पॅनलमधे निवडताना मी तर ही मोठी बघतो, २५ आणि ३० मधल्या फरकाकडे बघत नाही. आणि वॉरंटी कंपनीच्या नावाची असली पाहिजे, दुकानाच्या लेटरहेडवरची नको. बदली पॅनल आलं तरी आणायचा खर्च आणि चढवायची मजुरी बहुतेक तुमच्यावरच असते, ते आधी वाचून घ्या.

दुकान नवं आहे म्हणून लगेच माणूस वाईट ठरत नाही. पीएम सूर्यघरमधे काम करायचं तर त्याचं नाव पोर्टलवर नोंदवलेलं लागतं आणि ५ वर्ष देखभाल त्याच्याकडेच असते, ते कोटेशनवर लिहून घ्या. नंदुरबार, शहादा, तळोद्यात त्याने बसवलेली दोन घरं बघायला मागा, पण नवी नकोत, एक पावसाळा काढलेली दाखव म्हणावं. तिथे गेलात की पॅनलकडे बघूच नका, मागून वायरी बघा. काळ्या प्लास्टिकच्या टायने बांधल्या असतील तर आपल्या उन्हात त्या टाय वर्ष-दोन वर्षांत कडक होऊन तुटतात, वायर लोंबकळते, फ्रेमच्या धारेला घासते, उरलेलं काम खार आणि उंदीर करतात. चांगला माणूस वायरी पाईपातून नेतो आणि स्टीलच्या टाय वापरतो. दोन वेगळ्या कंपनीचे एमसीफोर कनेक्टर, म्हणजे पॅनलच्या वायरी जोडायचे प्लग, एकमेकात घुसवलेले दिसले तर त्याला काम देऊ नका, ते बसतात व्यवस्थित पण आतून सैल राहतात, तापतात, आग तिथून लागते.

मग अर्थिंग. तीन वेगळे खड्डे पाहिजेत, एक पॅनलच्या स्ट्रक्चरचा, एक इन्व्हर्टर आणि घराकडे जाणाऱ्या विजेच्या (एसी) बाजूचा, एक आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या अरेस्टरचा. तिन्ही एकाच रॉडला जोडून "झालं" म्हणणारे बरेच आहेत. आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, रॉडभोवती मातीच उरत नाही, त्यामुळे डिसेंबरमधे मोजलेला अर्थिंगच्या रोधाचा आकडा मे महिन्यात खरा राहत नाही. ५ ओहमच्या आत आला पाहिजे आणि तो मीटर लावून तुमच्या समोर मोजला पाहिजे. खड्ड्याला झाकण ठेवून घ्या, एप्रिल-मेमधे आठवड्याला बादलीभर पाणी घाला, पहिल्या वळवाच्या विजा येतात तेव्हा कामाला येईल.

कागदात एवढं घ्या : जीएसटी बिल ज्यावर प्रत्येक पॅनलचा सिरियल नंबर आहे, त्या नंबरांचा कंपनीचा टेस्ट रिपोर्ट, डीसीआर सर्टिफिकेट, पॅनल आणि इन्व्हर्टर दोन्हीचं वॉरंटी कार्ड, अर्थिंगचा रिपोर्ट, नेट मीटरचा, म्हणजे घेतलेली आणि लाईनला दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरचा करार. पैसे एकदम देऊ नका, शेवटचा हप्ता मीटर फिरायला लागल्यावर द्या. आणि माल घरी आला त्या दिवशी, वर चढवायच्या आधी, प्रत्येक पॅनलच्या मागच्या स्टिकरचा आणि काचेच्या आतल्या नंबराचा फोटो काढून बिलाशी ताडून बघा. दोन्ही नंबर एकच असले पाहिजेत. एकदा वर बसलं की मागचा स्टिकर नीट वाचता येत नाही.